गेटचा आकडा शेजाऱ्यालाही माहीत हवा

मुले नोकरीसाठी हैदराबाद-पुण्याला आणि घरी फक्त म्हातारे आई-वडील, हे चित्र मराठवाड्यात नवे नाही. बिलोलीसारख्या तालुक्याच्या गावात अशा घराला मोटारीवर सरकणारे गेट आणि आकड्यांचे कीपॅड बसवावे, असे मुलांना वाटणे साहजिक आहे. गुडघे दुखणाऱ्या माणसाला जड लोखंडी गेट ढकलावे लागत नाही, किल्ली हरवण्याची भीती राहत नाही. पण कीपॅड बसवताना सगळा विचार चोराचा होतो. रुग्णवाहिकेचा होत नाही.

हृदय बंद पडले की चार ते सहा मिनिटांत मेंदूला इजा होऊ लागते. १०८ची गाडी दारात उभी आणि आकडा फक्त पुण्यातल्या मुलाला ठाऊक, अशी वेळ येता कामा नये. बहुतेक कीपॅडमध्ये एकापेक्षा जास्त आकडे साठवता येतात. त्यातला एक विश्वासातल्या शेजाऱ्याला द्यावा. माणूस बदलला की तेवढाच आकडा रद्द करता येतो.

वीज गेल्यावरचा प्रश्न आणखी अवघड. बॅटरी नसेल तर मोटार थांबते आणि दातेरी चाकांमुळे गेट हातानेही सरकत नाही. त्यासाठी मोटारीला क्लच मोकळा करण्याची किल्ली असते. पण मोटार कंपाउंडच्या आत आणि किल्ली कपाटात. बॅटरी असली तरी आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि २५ अंशांच्या वर दर दहा अंशांना लेड-अ‍ॅसिड बॅटरीचे आयुष्य साधारण निम्मे होते. त्यामुळे ती सावलीत ठेवावी आणि मृगाआधी तपासून घ्यावी. जुन्या वाड्यांच्या मोठ्या दरवाजात दिंडी दरवाजा असे, तसे साध्या कुलपाचे छोटे दार शेजारी असावेच.

चोराचा विचारही नीट व्हायला हवा. चार आकड्यांच्या १०,००० जोड्या होतात. पण रोज तीच चार बटणे दाबून झिजली, तर चोराला फक्त २४ जोड्या तपासायच्या उरतात. शिवाय अनेकजण जन्मसाल किंवा गाडीच्या एमएच-२६ पाटीवरचेच चार आकडे ठेवतात. ती पाटी तर गेटसमोरच दिसते. आकडा अधूनमधून बदलावा. गेट उघडण्याचा आदेश देणारा रिले बाहेरच्या कीपॅडमध्ये नव्हे, आतल्या पेटीत असावा. नाहीतर कीपॅड उपसून दोन तारा जोडल्या की गेट उघडते.

पैसे वाचवायचे म्हणून फोटो सेन्सर गाळणे मात्र परवडणारे नाही. लहान मूल किंवा काठी टेकत चालणारे आजोबा मध्ये आले, तर सरकते गेट थांबून मागे फिरले पाहिजे. अमेरिकेच्या यूएल ३२५ या मानकात २०१६पासून माणूस अडकू शकेल अशा प्रत्येक जागी दोन स्वतंत्र सोयी सक्तीच्या आहेत. आपल्याकडे त्याचा आग्रह ग्राहकानेच धरायला हवा.

काम संपल्यावर मेन स्विच बंद करावा आणि घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला गेट उघडायला सांगावे. त्यांना जमले, तरच मिस्त्रीचे उरलेले पैसे द्यावेत.