जैनाबादची कबर आणि बेळगावची पिशवी

बुऱ्हाणपूरला जाणारी आपली मंडळी शाही किल्ला बघतात, मावा जिलबी खातात आणि परत फिरतात. तापीच्या पलीकडे जैनाबाद आहे, तिथे मात्र फारसं कुणी जात नाही. १६३१ च्या जून महिन्यात मुमताजमहल बुऱ्हाणपूरच्या महालात गेली आणि तिला आधी दफन केलं ते या जैनाबादच्या बागेत. सुमारे सहा महिन्यांनी तिचा देह आग्र्याला हलवला. ताजमहाल ही त्यानंतरची गोष्ट.

ती चौदाव्या बाळंतपणात गेली. वय ३८. मुलगी गौहरआरा मात्र जगली. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव हेच बहुतेक जण मृत्यूचं कारण मानतात. दिमतीला शाही हकीम वझीर खान होता. शिवाय सती-उन-निसा होती, वैद्यक जाणणारी, शिकलेली बाई. त्या काळी अशा बायका किती असतील? म्हणजे पैसा होता, जाणकार माणसं होती. रक्त थांबवायचा उपाय तेवढा कुणाकडे नव्हता.

आता तापीकाठ सोडून बेळगावला येऊ. २००२ ते २००५ या काळात बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांत एक अभ्यास झाला. तिथल्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजचे डॉ. कोडकणी, डॉ. शिवप्रसाद गौडर आणि अमेरिकेतले डॉ. रिचर्ड डर्मन यांनी मिळून तो केला. पण बाळंतिणीजवळ प्रत्यक्ष होत्या त्या उपकेंद्रातल्या नर्सबाई, म्हणजे एएनएम. रक्तस्राव टाळायला ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन उत्तम, पण ते थंड ठेवावं लागतं आणि टोचावं लागतं. खेड्यात फ्रीज कुठून आणायचा, आणि असला तरी वीज? म्हणून मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या. हे औषध मुळात पोटातल्या अल्सरसाठी आलेलं. बाळ जन्मलं, नाळ कापली, की नर्सबाईंनी बाळंतिणीला गोळ्या तोंडाने द्यायच्या. १६२० बायका अभ्यासात होत्या. अर्ध्यांना खऱ्या गोळ्या, अर्ध्यांना दिसायला तशाच पण औषध नसलेल्या. कुणाला कुठल्या मिळाल्या, ते देणारीलाही ठाऊक नव्हतं.

निकाल २००६ मध्ये लॅन्सेटमध्ये छापून आला. औषध नसलेल्या गटात १२ टक्के बायकांना जास्त रक्तस्राव झाला, औषधाच्या गटात ६.४ टक्के. तीव्र रक्तस्राव १.२ वरून ०.२ टक्क्यांवर आला. साधा हिशोब करा: १८ बायकांना गोळ्या दिल्या की एकीचा रक्तस्राव टळतो. २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या कामासाठी ही गोळी अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली.

मला मात्र गोळीपेक्षा पिशवी जास्त आवडते. इंजिनिअर माणूस, मोजमाप दिसलं की तिथेच अडकतो. ५०० मिलिलिटर म्हणजे जास्त रक्तस्राव, हे पुस्तकात ठीक आहे. पण चादरीवर, कापडावर, जमिनीवर सांडलेलं रक्त मोजणार कसं? आजवर ते नजरेनेच मोजलं जायचं. बेळगावच्या चमूने प्लास्टिकची एक चादर बनवली. ती बाळंतिणीखाली अंथरायची. खालच्या टोकाला नरसाळ्यासारखी पिशवी, तिच्यावर मापाच्या खुणा. रक्त पिशवीत उतरतं, आकडा समोर दिसतो. मग त्यांनी नजरेचा अंदाज आणि पिशवीचं माप ताडून पाहिलं. नजरेचा अंदाज ३३ टक्क्यांनी कमी भरला!

हा आकडा घटकाभर मनात ठेवा. 'जास्त जातंय हो' असं बाळंतिणीजवळची बाई सांगते, आणि समोरचा म्हणतो, 'होतं तेवढं, घाबरू नका.' दोघांच्या हातात पुरावा नाही, मग ज्याचा हुद्दा मोठा त्याचं खरं ठरतं. खूण असलेली पिशवी हातात असली की नर्सबाई फोनवर आकडा सांगू शकतात, आणि गाडी बोलवायला तो पुरेसा असतो. वापरायला शिकायलाही फार वेळ लागत नाही. हे तंत्रज्ञानच आहे, फक्त त्याला स्क्रीन नाही. (आमच्या क्षेत्रात यालाच डॅशबोर्ड म्हणून भरपूर पैसे घेतात.)

पुढची गोष्ट आफ्रिकेतली. केनिया, नायजेरिया, टांझानिया आणि दक्षिण आफ्रिका इथल्या ८० रुग्णालयांत, दोन लाखांहून जास्त बाळंतपणांत हे तपासलं; त्यातल्या काही रुग्णालयांत अशीच खुणांची चादर अंथरून रक्त मोजलं. आणि रक्त जास्त जातंय असं दिसताच गर्भाशय चोळणं, औषधं, सलाईन, तपासणी हे उपाय एकापाठोपाठ एक न करता एकदम सुरू केले. निकाल २०२३ मध्ये आला. तीव्र रक्तस्राव, त्यासाठी पोट उघडावं लागणं किंवा त्याने मृत्यू, हे सगळं मिळून प्रमाण ४.३ वरून १.६ टक्क्यांवर आलं. औषधं तीच जुनी होती. फरक पडला तो वेळेवर कळण्याने आणि सगळं एकदम करण्याने.

तुमच्या घरात येत्या काही महिन्यांत कुणाचं बाळंतपण असेल, तर खोली एसी आहे का, याच्या जोडीला डॉक्टरांना आणखी एक विचारा: बाळंतपणानंतर किती रक्त गेलं, हे तुमच्याकडे मोजतात की बघून ठरवतात?