गृहोद्योग: छपाईच्या पडद्याची पूर्वतयारी

लग्नपत्रिका, मंगळागौरीचीं निमंत्रणें, कापडी पिशव्यांवरील नांवें असें लहानसहान छपाईकाम ज्या पद्धतीनें घरच्या घरीं करतां येतें, तिला ‘सिल्क स्क्रीन’ म्हणण्याचा प्रघात आहे. आज रेशीम क्वचितच वापरतात; चौकटीवर पॉलिएस्टरची जाळी ताणलेली असते. कापडासाठीं सेंटिमीटरास सुमारें ४३ धाग्यांची, व कागदावरील बारीक अक्षरांसाठीं ९० ते १२० धाग्यांची जाळी घ्यावी. स्क्वीजीनें शाई ओढण्याचें काम घरांतील मुलेंहि लौकर शिकतात. परंतु छपाईचें यशापयश पडदा तयार करतांनाच ठरून गेलेलें असतें.

या कृतीचें मूळ जुनें आहे. पोटॅशियम बायक्रोमेटमध्यें भिजविलेला कागद उजेडानें पालटतो, हें स्कॉटलंडमधील मंगो पाँटन यानें १८३९ सालीं दाखविलें. तेंच द्रव्य जिलेटिनांत मिसळल्यास उजेड लागलेला भाग पाण्यांत विरघळेनासा होतो, असें पुढें १८५२ सालीं टॅल्बट यास आढळलें. पडद्यावरील एमल्शनचेंहि तत्त्व हेंच. प्रकाश लागेल तेथें तें कठीण होतें. काळ्या अक्षरांच्या सावलींतलें मऊ राहून धुतलें जातें, आणि त्या मोकळ्या छिद्रांतून शाई उतरते.

येथें गृहस्थांस एक गोष्ट निक्षून सांगावयाची आहे. स्वस्त पडतें म्हणून सरसांत बायक्रोमेट कालविण्याची रीत अजून कोठें कोठें आढळते. त्यांतील क्रोमियम कर्करोगास कारण होतें व कातडीस व्रण पाडतें. ज्या मोरींत घरचीं भांडीं घासलीं जातात, तींत हें विष सोडणें कोणत्याहि काटकसरीनें समर्थनीय ठरत नाहीं. थोडा अधिक पैसा पडला तरी डायझो किंवा तयार फोटोपॉलिमर एमल्शनच आणावें, आणि तेंहि हातमोजे घालूनच हाताळावें.

आतां कृति. जाळी साबणानें धुऊन पूर्ण वाळवावी. तेलकट बोटाचा डागहि राहूं देऊं नये. पिवळ्या मंद उजेडांत, पन्हळीसारख्या धातूच्या पट्टीनें एमल्शन प्रथम बाहेरच्या व मग आंतल्या अंगास एकसारखें ओढावें. नंतर पडदा बाहेरचें अंग खालीं करून, अंधाऱ्या कोरड्या जागीं आडवा वाळवावा. ओलसरपणा राहिल्यास पुढील सर्व श्रम वायां जातात.

गडद काळ्या अक्षरांची फिल्म बाहेरच्या अंगास, आंतून अक्षरें सुलट वाचतां येतील अशी ठेवून वर कांच दाबावी. ऊन फुकट मिळतें खरें, पण तें तासातासास पालटतें. म्हणून ठराविक अंतरावरील अतिनील किरणांचा दिवा बरा. त्याकडे डोळे लावून मात्र पाहूं नये.

किती वेळ, याचें उत्तर पुस्तकांत नसून कसोटींत आहे. सबंध पडदा १ मिनिट उजेडांत ठेवून मग काळ्या पुठ्ठ्यानें एक पंचमांश झांकावा व दर मिनिटास पुठ्ठा तितकाच पुढें सरकवावा. म्हणजे १ ते ५ मिनिटांच्या पांच पट्ट्या मिळतील. कोमट पाण्यानें दोन्ही अंगें धुतल्यावर जी पट्टी आंतून बुळबुळीत लागते, तिला प्रकाश कमी पडला. जींतील बारीक रेषा उघडतच नाहीं, तिला फाजील झाला. मधलें मान वहींत टिपून ठेवावें. दिवा, अंतर, जाळी वा एमल्शन बदलल्यास कसोटी पुन्हां घ्यावी.

पडदा वाळल्यावर तो उजेडासमोर धरून सुईच्या टोकाएवढीं राहिलेलीं छिद्रें एमल्शननें बुजवावीं, व पुन्हां थोडा वेळ प्रकाश द्यावा. पाण्यावर आधारलेली शाई वापरावयाची असल्यास एमल्शन जलरोधक आहे ना, हें विकत घेतांनाच विचारावें. एका कसोटीस खर्ची पडलेला अर्धा तास शंभर पत्रिका बिघडण्यापासून वांचवितो. घरगुती धंद्यांत नफा बहुधा अशाच जागीं लपलेला असतो.