कोळंबीची खुंटलेली वाढ आणि बीजाची पारख

पोलादपूरच्या डोंगराळ मुलखातून वाहत आलेली सावित्री नदी महाडच्या खालच्या अंगास भरतीच्या पाण्याला भेटते व पुढे बाणकोटच्या खाडीतून समुद्रास मिळते. वरच्या गावांत पाणी गोडेच असते. म्हणून तेथील शेततळ्यांस गोड्या पाण्यातील मोठी कोळंबी, जिला बाजारात स्कँपी म्हणतात, तीच अधिक मानवणारी होय.

या धंद्यात कोळंबी अपेक्षेप्रमाणे वाढली नाही, की शेतकरी प्रथम खाद्यास दोष देतो आणि नंतर औषधाच्या दुकानाची वाट धरतो. हे दोन्ही उपाय पुष्कळदा व्यर्थ ठरतात. विषाणूंवर प्रतिजैविकांची मात्रा चालत नाही. 1994च्या सुमारास पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाने भारताच्या किनाऱ्यावरील खाऱ्या पाण्याच्या कोळंबीची तळी ओस पाडली. त्या अनुभवातून मिळालेला धडा गोड्या पाण्यासही लागू आहे. स्कँपीस पांढऱ्या शेपटीचा विषाणुजन्य रोग होतो. त्यात शेपटीचे मांस दुधासारखे पांढरे दिसते व कोवळी पिल्ले झपाट्याने मरतात. मोठी कोळंबी मात्र वरून निरोगी दिसूनही रोग बाळगते आणि तो आपल्या संततीस देते. तेव्हा रोगाचा खरा बंदोबस्त तळ्यात नव्हे, तर बीजकेंद्रात होतो. पीसीआर चाचणीचा दाखला पाहिल्याविना स्वस्त बीज घेणे ही काटकसर नसून नुकसानीस दिलेले आमंत्रण आहे.

तथापि प्रत्येक खुंटलेली कोळंबी रोगी असते, असे मानणेही चूक होय. स्कँपीचे निळ्या नांग्यांचे थोराड नर लहान नरांची वाढ रोखून धरतात. दाटी झाल्यास हा दोष अधिक वाढतो. अशा वेळी मोठे नर आधी काढून विकावेत, म्हणजे मागे राहिलेले वाढू लागतात. यास औषध नव्हे, जाळे लागते.

आणखी एक कर्तव्य आहे. जुलै 2021च्या महापुरात महाडने सावित्रीचे रौद्र रूप पाहिले. पुराने बांध फुटल्यास एका तळ्यातील रोग साऱ्या नदीचा होतो. म्हणून तळ्याचे बांध पूररेषेचा विचार करूनच घालावेत, आणि रोगट तळ्याचे पाणी निर्जंतुक केल्याविना ओढ्यात सोडू नये. पेरावे तसे उगवते, हे भाताच्या खाचराइतकेच कोळंबीच्या तळ्यासही खरे आहे.