लेखी निकालानंतरचे तीन आठवडे

अग्निवीर भरतीच्या लेखी परीक्षेचा निकाल लागला, की थोड्याच दिवसांत आमच्या ओपीडीत एकाच तक्रारीची मुले येऊ लागतात. वय अठरा-एकोणीस, अंगात ट्रॅक पँट, सोबत बहुधा एखादा मित्र. 'सर, नडगी दुखते.' मागच्या खेपेला एकाने तर बसायच्या आधीच सांगून टाकले, 'विश्रांती सोडून काहीही सांगा. वीस दिवसांनी ग्राउंड आहे.' कुठे दुखते ते दाखव म्हटल्यावर त्याने हाडावर नेमके एक बोट ठेवले. त्याऐवजी त्याने नडगीच्या आतल्या कडेवरून वीतभर हात फिरवला असता, तर मला जरा हायसे वाटले असते. लांबट पट्ट्यात दुखणे हे बहुतेक वेळा स्नायू आणि हाडावरच्या आवरणाचे असते आणि ते काही दिवसांत आटोक्यात येते. एका टिंबावर दुखणे म्हणजे हाडाला बारीक तडा असण्याची शक्यता. त्याचा एक्स-रे स्वच्छ आला, तो खूश झाला. मी झालो नाही, कारण असा तडा एक्स-रेत दिसायला अनेकदा दोन-तीन आठवडे जातात.

अशी मुले पूर्वीही यायची. मात्र आता ती लाटेसारखी येतात, आणि त्यामागे भरतीचे बदललेले वेळापत्रक आहे असे मला वाटते. जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना जाहीर झाली, तेव्हा आधी मैदानी चाचणी आणि मग लेखी असा जुनाच क्रम होता. २०२३ पासून तो उलटला. आधी संगणकावरची सामायिक प्रवेश परीक्षा, त्यात निवडलेल्यांनाच मेळाव्याला बोलावणे. मैदानावरची चेंगराचेंगरी कमी झाली, हजारो मुलांची वणवण वाचली; हा बदल चांगलाच आहे. पण त्याचा शरीरावर होणारा परिणाम कुणी लक्षात घेतलेला दिसत नाही. मुले चार-सहा महिने अभ्यासिकेत मोबाइलवर सराव परीक्षा सोडवत बसतात. निकाल लागतो आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला डांबरी रस्त्यावर घड्याळ लावून सोळाशे मीटर सुरू होते.

हाड ही जिवंत वस्तू आहे. अचानक भार वाढला, की शरीर आधी जुने हाड खरवडून काढते आणि मग त्या जागी नवे भरते. खरवडण्याचे काम झपाट्याने होते, भरण्याला महिने लागतात. त्यामुळे एकदम धावायला लागलेल्या माणसाचे हाड साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सर्वांत कच्चे असते. नेमका तेव्हाच मेळावा येतो. दम वाढलेला असतो, स्नायू तयार झालेले असतात, म्हणून मुलगा आणखी जोर लावतो. हाड मात्र मागे राहिलेले असते.

आता त्या धावण्याचा हिशेब पाहू. १.६ किलोमीटर साडेपाच मिनिटांच्या आत पूर्ण केले, तर पूर्ण ६० गुण. दहा बीम मारले, तर ४०. नऊ फुटांचा खड्डा आणि झिगझॅग यांत फक्त पास व्हायचे असते. साडेपाच मिनिटे म्हणजे चारशे मीटरच्या चार फेऱ्या, प्रत्येकी साधारण ८२ सेकंदांत. हे जोराचे धावणे वाटते, पण त्यातली बहुतांश ऊर्जा श्वासातल्या ऑक्सिजनवरच तयार होते. म्हणून वेग वाढवायचा, तर आठवड्यातले बरेचसे धावणे सावकाश हवे; बोलता येईल इतके सावकाश. जोराचे धावणे आठवड्यातून दोनदा पुरते, तेही चारशे मीटरच्या तुकड्यांत, मध्ये दम खाऊन. एक दिवस पूर्ण सुट्टी. भर रस्त्यावर धावण्यापेक्षा शाळेचे मातीचे मैदान किंवा शेतातली पायवाट बरी. हाडांसाठीही आणि मागून येणाऱ्या ट्रकमुळेही. अनेक अकॅडम्यांत रोज सकाळी 'टायमिंग' लावतात. रोज परीक्षा घेतल्याने मुलगा परीक्षेला तयार होत नाही, थकतो. किमान बारा आठवडे हाताशी हवेत. म्हणजेच लेखीचा अभ्यास चालू असतानाच रोज अर्धा तास धावणे चालू ठेवायला हवे. निकालाची वाट पाहू नये.

उशीर झालेली मुले मग आडवाटा शोधतात. सगळ्यांत वाईट म्हणजे मेफेन्टरमाइनचे इंजेक्शन. भूल दिलेल्या रुग्णाचा रक्तदाब घसरला, तर तो वर आणायला हे औषध आम्ही शस्त्रक्रियागृहात, मॉनिटर लावून वापरतो. तेच मैदानाबाहेर मित्राच्या हातून टोचून घेतले, तर थकव्याची जाणीव दबते, पण हृदयाचा वेग आणि रक्तदाब वाढतच राहतो. शरीर 'थांब' म्हणत असते, ते ऐकू येत नाही. वेदनाशामक गोळी घेऊन धावणेही निरुपद्रवी नाही. पाणी कमी प्यायलेल्या, उन्हात तापलेल्या शरीरात ती मूत्रपिंडाला इजा करू शकते. धावल्यानंतर लघवी चहासारखी काळपट झाली, तर स्नायू फुटून त्यांतले द्रव्य रक्तात उतरलेले असू शकते. त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

झारखंडमध्ये २०२४ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात काय घडले ते आठवावे. ती भरती लष्कराची नव्हे, उत्पादन शुल्क खात्यातल्या शिपायांची होती. पुरुषांसाठी एका तासात दहा किलोमीटर. दमट उकाडा, लांबच लांब रांगा. दहाहून अधिक उमेदवार दगावले आणि भरती काही दिवस थांबवावी लागली. पुढे राज्याने नियम बदलून अंतर १.६ किलोमीटरवर आणले. उन्हाला सरावायला शरीराला दहा ते चौदा दिवस लागतात, रात्रभर प्रवास करून उपाशीपोटी रांगेत उभे राहिल्याने तो सरावही वाया जातो. धावताना कुणी बरळू लागला, झोकांड्या खाऊ लागला, तर त्याला आधी बर्फाच्या पाण्यात गार करायचे आणि मग रुग्णवाहिकेत घालायचे. प्रत्येक मैदानावर पाण्याची टाकी आणि बर्फ ठेवायला फार खर्च येत नाही.

विदर्भ आणि नंदुरबार भागातल्या मुलांना एक वेगळी सूचना. सिकलसेलची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते. वाहक असणे हा आजार नाही, वाहक मुले उत्तम धावतात. पण अमेरिकी सैनिकांवरच्या २०१६ च्या एका मोठ्या अभ्यासात वाहकांमध्ये श्रमाने स्नायू फुटण्याचा धोका ५४ टक्के जास्त आढळला. अशा मुलाने हळूहळू वेग वाढवावा, भरपूर पाणी प्यावे आणि पायात गोळे येऊ लागले तर थांबावे, एवढेच.

मेडिकलमध्ये मुले बाद होतात तीही अनेकदा महिन्यांपूर्वी कळू शकणाऱ्या कारणांनी. कानातला मळ, किडके दात, हर्निया, हायड्रोसील, अंडकोषाच्या फुगलेल्या शिरा, कमी हिमोग्लोबिन. यांतल्या बहुतेकांवर उपाय आहे, पण शस्त्रक्रियेनंतर सावरायला वेळ लागतो. म्हणून अर्ज भरतानाच एकदा तपासून घ्यावे. रंगांधळेपणावर मात्र उपाय नाही. तो आधीच कळला, तर मुलगा दोन वर्षे वाया न घालवता दुसरी वाट धरतो.

एका बोटाने दुखणे दाखवणाऱ्या त्या मुलाच्या एमआरआयमध्ये तडा दिसला. त्याचा मेळावा हुकला. समजूत काढायला वडील आले होते. मुलापेक्षा त्यांचेच डोळे जास्त भरले होते. वयाच्या मर्यादेत त्याला अजून एक संधी आहे. आठ आठवडे धावणे बंद, सायकल आणि बीम चालू. परवा तो पुन्हा दाखवायला आला, तेव्हा एका पायावर दहा उड्या मारून दाखवल्या, दुखले नाही. पुढच्या सोमवारपासून दोन मिनिटे धावणे, दोन मिनिटे चालणे, असे लिहून दिले आहे.