‘सर्वच सापेक्ष’ म्हणण्यापूर्वीं

घरांत वाद रंगला म्हणजे कोणी तरी ‘सर्वच सापेक्ष आहे, आइन्स्टाइननीं तें सिद्धच केलें’ असें म्हणतो आणि त्या जोरावर सत्य व नीति यांनाहि निकालांत काढतो. आइन्स्टाइन यांनीं असें कांहींएक सिद्ध केलेलें नाहीं. त्यांचा सिद्धान्त एका न बदलणाऱ्या गोष्टीवर उभा आहे. आणि तेवढी गोष्ट धरून चाललें, तर पदार्थविज्ञान न शिकलेल्या वाचकासहि त्यांत शिरतां येतें.

गति सापेक्ष असते, हें ज्ञान जुनें आहे. नावेंतून पुढें जाणाऱ्यास तीरावरील स्थिर वस्तु मागें जातांना दिसतात, हा दृष्टान्त आर्यभटानें ‘आर्यभटीया’च्या गोलपादांत दिला आहे. संथ चालणाऱ्या जहाजाच्या बंद खोलींत बसून जहाज चालत आहे कीं उभें, हें कळत नाहीं, असें गॅलिलिओनें १६३२ सालीं दाखविलें. आर्यभटाचा अभिमान आपण अवश्य बाळगावा. परंतु सापेक्षतावाद त्याच्या पदरीं बांधूं नये. त्या दृष्टान्तांत प्रकाशाचा विचार नाहीं, आणि १९०५ सालचें नवेपण प्रकाशाच्या विचारांतच आहे.

धांवत्या गाडींत चेंडू पुढें फेकला, तर फलाटावरील माणसास चेंडूच्या वेगांत गाडीचा वेग मिळालेला दिसतो. प्रकाशाचें तसें होत नाहीं. सेकंदास सुमारें ३ लक्ष किलोमीटर हा त्याचा निर्वातांतील वेग दोघांसहि सारखाच आढळतो. आतां डब्याच्या बरोबर मध्यभागीं दिवा लागला असें समजा. आंतील प्रवाशाच्या मतें प्रकाश पुढच्या व मागच्या भिंतीस एकाच क्षणीं पोंचतो. फलाटावरील मनुष्य म्हणतो, ‘मागची भिंत प्रकाशास सामोरी आली, पुढची दूर गेली, म्हणून मागच्या भिंतीस तो अगोदर पोंचला.’ फरक अत्यल्प खरा, पण दोघांचेंहि म्हणणें बरोबर आहे. ‘एकाच वेळीं’ या शब्दांचा अर्थ पाहणाऱ्याच्या गतीवर अवलंबून ठरला.

याच विचारानें, वेगानें जाणाऱ्या वस्तूचा काळ आपल्या मापानें मंद चालतो असें निघतें. त्यास प्रत्यक्ष प्रमाण आहे. विश्वकिरणांमुळें सुमारें १५ किलोमीटर उंचीवर उत्पन्न होणारे म्युऑन नांवाचे कण सरासरी २.२ मायक्रोसेकंद टिकतात. मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लक्षावा भाग. तेवढ्या अवधींत प्रकाशदेखील ७०० मीटर जात नाहीं. तरी पुष्कळ म्युऑन भूमीपर्यंत येतात, कारण धांवतांना त्यांचें आयुष्य आपल्या घड्याळानें लांबतें.

आइन्स्टाइन यांनीं सामान्य वाचकांसाठीं एक लहानसें पुस्तक १९१७ सालीं प्रसिद्ध केलें. वाचकाजवळ मॅट्रिकइतकें शिक्षण व पुष्कळ धीर असावा, एवढीच अपेक्षा त्यांनीं प्रस्तावनेंत सांगितली आहे. मजसारख्या मॅट्रिक झालेल्या मास्तरास ही अट दिलासा देणारी वाटली. काळ किती मंदावतो, हें काढण्यास पायथागोरसचा सिद्धान्त व वर्गमूळ पुरतें. घरांतील दहावीच्या मुलास शेजारीं घेऊन, कागदावर आकृति काढीत, रोज एक पान वाचावें. कोणतें माप पाहणाऱ्यागणिक बदलतें व कोणतें बदलत नाहीं, याचा चोख हिशेब या सिद्धान्तानें ठेविला आहे. तो हिशेब एकदां हातानें करून पाहिला, म्हणजे ‘सर्वच सापेक्ष’ हे शब्द सहसा तोंडीं येणार नाहींत.