असेंबल्ड संगणक घेणाऱ्यांनो, कोटेशन नीट वाचा

अभियांत्रिकीचे, बीसीएचे प्रवेश पार पडले की घरोघरी संगणकाचा विषय निघतो. मुलाला किंवा मुलीला त्यावर कोडिंग करायचे असते आणि रात्री गेमही खेळायचे असतात. दोन्ही इच्छा रास्त आहेत. लॅपटॉपऐवजी डेस्कटॉप असेंबल करून घ्यायचे ठरले असेल तर फारच चांगले. तेवढ्याच पैशांत जास्त ताकद मिळते आणि पुढे एकेक भाग बदलता येतो. घोडे अडते ते दुकानदाराच्या कोटेशनपाशी. आठ-दहा ओळींचा तो कागद असतो. आईवडील खालची बेरीज पाहतात, मुले ग्राफिक्स कार्डाची ओळ पाहतात आणि मधल्या ओळी कुणीच वाचत नाही. कळकळीची विनंती आहे, त्या मधल्या ओळी वाचा. संगणक पाच-सहा वर्षे सुखाने चालणार की दुसऱ्याच उन्हाळ्यात मान टाकणार, हे तिथे ठरते.

दुकानात जाण्याआधी घरात बसून दोन गोष्टी ठरवा: कोणते गेम खेळायचे आणि कोणत्या मॉनिटरवर. बहुतेक लोक मॉनिटर शेवटी, उरलेल्या पैशांत घेतात. माझ्या मते सुरुवात तिथूनच करायला हवी. ६० हर्ट्झचा मॉनिटर सेकंदाला ६० चित्रे दाखवतो. महागड्या कार्डाने १५० चित्रे तयार केली तरी पडदा ६० वेळाच बदलतो, म्हणजे कार्डासाठी मोजलेले निम्मे पैसे वाया. व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक २ हा मुख्य खेळ असेल तर कार्डावर भार कमी आणि प्रोसेसरवर जास्त पडतो. तिथे मध्यम कार्ड, चांगला प्रोसेसर आणि १४४ किंवा १६५ हर्ट्झचा मॉनिटर घ्या. सायबरपंक २०७७ किंवा रेड डेड रिडेम्प्शन २ खेळायचा असेल तर भार कार्डावर येतो. १०८०पी मॉनिटरसाठी आरटीएक्स ४०६०, आरटीएक्स ५०६० किंवा आरएक्स ७६०० या वर्गातले कार्ड पुरते. १४४०पी मॉनिटर घ्यायचा असेल तर मात्र ८ जीबी मेमरीच्या कार्डावर समाधान मानू नका. नव्या गेमना ती अपुरी पडू लागली आहे.

एक धिप्पाड बैल आणि एक मरतुकडा बैल जुंपला तर गाडी मरतुकड्याच्याच चालीने चालते. संगणकाचेही तसेच आहे. दणदणीत कार्ड आणि जुना प्रोसेसर एकत्र आले की कार्ड रिकामे बसून राहते, आणि पैसे मात्र त्याचे पूर्ण मोजलेले असतात.

प्रोसेसरच्या बाबतीत सर्वांत जास्त फसवणूक ‘आय-७’ या दोन अक्षरांनी होते. ऑनलाइन बाजारात ‘कोअर आय-७, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी’ असे लिहिलेले संगणक नवलाईच्या किमतीत मिळतात. आत बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचा प्रोसेसर असतो. आय-७ ३७७० हा २०१२ सालचा. २०२२ मध्ये आलेला साधा आय-३ १२१०० त्याच्यासारखाच चार कोअरचा आहे आणि तरी कामाला त्याच्या कितीतरी पुढे आहे. शिवाय विंडोज ११ ला इंटेलची किमान आठवी पिढी लागते आणि विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. म्हणून ‘आय-७ आहे’ एवढ्यावर थांबू नका. पुढचा पूर्ण क्रमांक विचारा आणि तो कोटेशनवर लिहून घ्या.

गेम आणि कोडिंग दोन्हींसाठी सहा कोअरचा आजचा प्रोसेसर बहुतेकांना भरपूर होतो. बजेट तंग असेल तर आय-५ १२४००एफ किंवा रायझन ५ ५६००, थोडे जास्त असेल तर रायझन ५ ७६००. इंटेलच्या नावातला ‘एफ’ म्हणजे त्यात अंगभूत ग्राफिक्स नाही. वेगळे कार्ड नसेल तर पडद्यावर काहीच दिसणार नाही. कार्ड सहा महिन्यांनी घेऊ असा विचार असेल तर एफ घेऊ नका. पुढची सोयही पाहा. एएमडीचे एएम४ सॉकेट रायझनसाठी २०१७ मध्ये आले आणि २०१८ चा बी४५० मदरबोर्ड असलेल्यांना बायोस अपडेट करून २०२२ चा रायझन ७ ५८००एक्स३डी त्यावर बसवता आला. आजच्या खरेदीत हा फायदा एएम५ मध्ये आहे. इंटेलचे एलजीए १७०० सॉकेट चौदाव्या पिढीपाशी थांबले. पुढच्या प्रोसेसरसाठी मदरबोर्डच बदलावा लागतो.

आता पालकांसाठी एक. पहिल्या वर्षाला सी, जावा, पायथन शिकायला महागडे काहीच लागत नाही. भार येतो तो नंतर: अँड्रॉइड स्टुडिओ, त्याचा एम्युलेटर, बाजूला क्रोमचे वीस टॅब, एखादा डॉकर कंटेनर. तिथे ८ जीबी रॅम गुदमरते. १६ जीबी ही आजची किमान पायरी आणि हे सगळे रोज चालणार असेल तर ३२ जीबी. मशीन लर्निंगचा अभ्यास असेल तर कार्ड एनव्हिडियाचे घ्या, कारण त्या विषयातले बरेचसे सॉफ्टवेअर एनव्हिडियाच्याच कूडा या तंत्रज्ञानावर चालते, आणि शक्यतो १२ किंवा १६ जीबी मेमरीचे घ्या. आणि गेम खेळायचेच नसतील तर ग्राफिक्स कार्ड कोटेशनमधून सरळ काढून टाका. अंगभूत ग्राफिक्स असलेला प्रोसेसर घ्या आणि ते पैसे रॅम, एसएसडी आणि चांगल्या मॉनिटरवर घाला. डोळे रोज आठ तास त्या मॉनिटरवरच असणार आहेत.

‘४ जीबी ग्राफिक्स कार्ड फ्री’ अशा जाहिरातीला भुलू नका. जीटी ७३० हे २०१४ सालचे कार्ड ४ जीबी मेमरीसह मिळते. आकडा मोठा दिसतो, पण त्याची ताकद रायझन ५ ५६००जी मधल्या अंगभूत ग्राफिक्सपेक्षाही कमी आहे.

रॅम घेताना एकसारख्या दोन स्टिक घ्या. एकच स्टिक लावली तर मेमरीचा एकच मार्ग चालू राहतो आणि प्रोसेसरला माहिती निम्म्या रुंदीने मिळते. अंगभूत ग्राफिक्सवर खेळणाऱ्याला हा फरक लगेच जाणवतो. चार स्लॉटचा बोर्ड असेल तर प्रोसेसरपासून मोजून दुसरा आणि चौथा स्लॉट वापरायचा. घाईत काम करणारा माणूस कधीकधी पहिला-दुसरा भरून टाकतो, तेव्हा झाकण लावण्याआधी स्वतः पाहून घ्या. ६००० वेगाची डीडीआर५ रॅम बायोसमध्ये एक्स्पो किंवा एक्सएमपी ही सेटिंग चालू केल्याशिवाय तेवढ्या वेगाने धावत नाही, बहुधा ४८०० वर चालत राहते. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव भडकले आहेत. त्यामुळे महिन्याभरापूर्वीच्या कोटेशनवर विसंबू नका. ज्या दिवशी घेणार त्या दिवशी भाव पुन्हा विचारा.

आणि आता ती ओळ, जिच्यासाठी मुख्यतः हे लिहायला बसलो: एसएमपीएस. कोटेशनमध्ये ती बहुतेक वेळा ‘कॅबिनेट विथ एसएमपीएस’ अशी दडलेली असते. घरातला वीजपुरवठा संगणकाला मानवेल असा करून देणारा हा डबा. तो जळताना एकटा जळेलच असे नाही. मदरबोर्ड किंवा कार्डही सोबत नेऊ शकतो. आणि बजेट ओलांडले की कात्री नेमकी इथेच लागते.

दुकानात एसएमपीएस हातात घ्या आणि बाजूचे लेबल वाचा. वर मोठ्या अक्षरात ४५० वॅट लिहिलेले असेल. खालच्या तक्त्यात १२ व्होल्टचा रकाना शोधा. तिथे १८ अँपिअर असेल, तर बारा गुणिले अठरा, म्हणजे २१६ वॅट. आजचे प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड जवळजवळ सगळी वीज या १२ व्होल्टच्या लाइनवरूनच घेतात. तेव्हा तुमच्या कामाचा आकडा २१६; ४५० हा लेबलापुरता. चांगल्या ५५० वॅटच्या एसएमपीएसवर याच रकान्यात पंचेचाळीसच्या आसपास अँपिअर दिसतील. रायझन ५ ७६०० पूर्ण भाराला सुमारे ८८ वॅट घेतो, आरटीएक्स ४०६० ११५ वॅट, आणि मदरबोर्ड, रॅम, पंखे, एसएसडी मिळून पन्नास-साठ धरा. बेरीज २६० च्या आसपास येते. कार्ड क्षणभर आपल्या आकड्याहून बरीच जास्त ओढ घेते, म्हणून अशा संगणकाला नामांकित कंपनीचा ५५० वॅटचा एसएमपीएस योग्य. ‘८० प्लस ब्राँझ’ हे लेबल वीज किती वाया जाते एवढेच सांगते. ओव्हरव्होल्टेज आणि शॉर्टसर्किटपासून संरक्षण आहे का, हे खोक्यावर वेगळे पाहावे लागते. वॉरंटी पाच वर्षांची आहे का, हेही विचारा.

एसएमपीएस चांगला घेऊनही घरचे अर्थिंग नसेल तर काम अर्धेच झाले. कॅबिनेटच्या पत्र्याला उघड्या पायांनी हात लावल्यावर झिणझिण्या येतात, अशी तक्रार अनेक घरांत ऐकू येते, आणि लोक दुकानदाराशी भांडतात. बहुतेकदा दोष सॉकेटच्या भोकात असतो. एसएमपीएसच्या आत वीजवाहिनीतली खळखळ गाळणारे छोटे कपॅसिटर असतात. ते थोडासा प्रवाह पत्र्यावाटे अर्थच्या तारेत सोडतात. ती तारच नसेल तर तो प्रवाह पत्र्यावर राहतो आणि हात लावणाऱ्याच्या अंगातून जातो. जुन्या चाळींत, गावाकडच्या घरांत तीन भोकांचा सॉकेट बसवलेला असतो, पण वरच्या भोकाला आतून तारच जोडलेली नसते. संगणक घरी येण्याआधी वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या. प्लगची तिसरी पिन तोडून किंवा टू-पिन लावून काम भागवू नका.

लोडशेडिंगच्या गावात यूपीएस लागणारच. दुकानात सर्रास मिळणारा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटचा असतो. ऑफिसच्या संगणकाला तो ठीक. गेम चालू असताना वीज गेली तर संगणक आणि मॉनिटर यांच्या एकत्र भाराने तो कोलमडू शकतो. १००० व्हीएचा बघा.

कॅबिनेट पुढून जाळीचे घ्या. समोर पूर्ण काच असलेली, दिवे लावलेली कॅबिनेट दिसायला देखणी, पण हवा आत येणार कुठून? मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरला पारा पंचेचाळिशीच्या घरात जातो. तिथे ही चैन परवडत नाही. एसएसडी एनव्हीएमई घ्या, शक्य असेल तर १ टीबीची. आजचा एकेक मोठा गेम शंभर जीबीच्या वर जागा घेतो.

पैशांच्या वाटणीचा माझा ठोकताळा असा: मॉनिटर बाजूला ठेवून उरलेल्या रकमेचा साधारण एक-तृतीयांश, फार तर ४० टक्के कार्डाला. एवढा हिस्सा कार्डाला देऊन एसएमपीएससाठी पैसे उरत नसतील तर कार्ड एक पायरी खाली आणा. कार्ड दोन वर्षांनी बदलता येते.

खरेदी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर करा, गावातल्या दुकानात करा किंवा भाग ऑनलाइन मागवा, संगणक चालू करून पाहिल्याशिवाय ताब्यात घेऊ नका. मॉनिटरची केबल मदरबोर्डात न लावता ग्राफिक्स कार्डात लावली आहे का, पाहा. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये १४४ किंवा १६५ हर्ट्झ स्वतः निवडावे लागते. न निवडल्यामुळे कित्येक घरांत महागडा मॉनिटर वर्षभर ६० वरच चालतो. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीवर क्लिक करा, वेग आणि किती स्लॉट भरले ते दिसेल. क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर एसएसडी आजवर किती तास चालली ते सांगते. नव्या एसएसडीवर शेकडो तास दिसले तर ती वापरलेली आहे. तिथल्या तिथे परत करा. ग्राफिक्स कार्डाचे खरे मॉडेल जीपीयू-झेडमध्ये तपासा.

पक्के जीएसटी बिल घ्या आणि त्यावर प्रत्येक भागाचा अनुक्रमांक लिहून घ्या. कच्च्या बिलात वाचणारे पैसे वॉरंटीच्या वेळी दामदुप्पट जातात. प्रोसेसर खोक्यातला आहे की सुटा, म्हणजे ट्रे, हे विचारा. खोक्यातल्याला कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी असते, सुट्याची जबाबदारी बहुधा विक्रेत्यापुरतीच राहते. वॉरंटीला दुकानदार पाठवणार की तुम्हालाच सर्व्हिस सेंटर गाठायचे, हेही पैसे देण्याआधी ठरवून घ्या. बिलाचा फोटो काढून आईवडील आणि मुले दोघांच्याही फोनमध्ये ठेवा, कारण थर्मल कागदावरची शाई वर्ष-दोन वर्षांत उडून जाते. आणि कार्ड, मदरबोर्ड, एसएमपीएस यांची खोकी माळ्यावर टाका, रद्दीत देऊ नका. दुरुस्तीला पाठवायची वेळ आली तर तीच लागतील.