पारा कोठे जातो?

समुद्र अथांग आहे, त्यात काहीही टाकले तरी नाहीसे होते, अशी आपली समजूत असते. जपानमधील मिनामाता गावाने ती खोटी ठरविली. तेथील रासायनिक कारखान्याचे पारामिश्रित सांडपाणी उपसागरात जात असे. प्रथम मासे खाणारी मांजरे झिंगून मरू लागली. १९५६ साली माणसांतील रोगाची अधिकृत नोंद झाली. १९५८ मध्ये सांडपाणी नदीच्या मुखाकडे वळविले, तो तिकडेही रोगी आढळू लागले! पारा नाश पावत नाही. सूक्ष्म जीवांतून लहान माशांत, त्यांतून मोठ्या माशांत साठत जातो. मातेच्या आहारातून तो गर्भातील बालकासही गाठतो. म्हणून घरातील थर्मामीटर फुटल्यास पारा मोरीत लोटू नका. हात न लावता कागदाने गोळा करून झाकणाच्या बाटलीत वेगळा ठेवा. मोरीची वाट शेवटी नदीलाच मिळते.